आधी कंदील

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा आणि वारणा जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या मातीत, हळदीची पेवं होती. वरून पाहिलं तर काहीच कळायचं नाही. माणूस कसाबसा आत जाईल एवढं तोंड, त्यावर फरशी, फरशीवर माती. खाली मात्र रांजणासारखं पोट सुटत गेलेलं. आतून नीट सारवून, पाला-चटया लावून त्यात हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भावाची वाट पाहायची. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. आत हवा नसते, म्हणून कीड लागत नाही.

माझे अण्णा सांगलीतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा ते मला पेव उघडताना बघायला घेऊन गेले. फरशी सरकवली आणि हमाल लांब जाऊन उभे राहिले. कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. बराच वेळ तसाच गेला. मग दोरीला बांधलेला पेटता कंदील खाली सोडला. तो विझला. वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सगळे थांबले. दुसऱ्या खेपेला तो तळाशी जळत राहिला, तेव्हा कुठे पहिला माणूस उतरला. परत येताना अण्णा म्हणाले, "ज्यानं हळद टिकते, त्यानंच माणूस मरतो. म्हणून आधी कंदील."

दुकानाच्या वह्यांची पूजा लक्ष्मीपूजनाला व्हायची. घरची वही अण्णा पाडव्याला काढायचे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. पहिल्या पानावर श्री. दुकानाच्या खतावणीत जमा आणि नावे असायचं, तसं घरच्या वहीतही होतं. पण तिच्या शेवटच्या काही पानांवर अण्णांनी त्यांची पेवं मांडली होती. 'पेव पहिले : थोरलीचे लग्न.' 'पेव दुसरे : घर.' 'पेव तिसरे : म्हातारपण.' 'पेव चौथे : काशी.' प्रत्येकापुढे रक्कम, कुठे ठेवली ते, आणि कधी उघडायचं ते साल. दर पाडव्याला ते हे पान आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. काही बदललं असेल तर अण्णा जुन्या शब्दांवर एकच सरळ रेघ मारायचे, खाली नवा शब्द आणि तारीख लिहायचे. खोडरबर आमच्या घरात फक्त आम्हा मुलींच्या कंपासपेटीत होतं. हिशेबात खाडाखोड चालत नाही. रेघ चालते, कारण रेघेखालचं वाचता येतं.

पहिली रेघ मला आठवते ती ताईच्या नावापुढची. १९८८ मध्ये किसान विकास पत्रं निघाली, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. अण्णांनी ५,००० रुपयांची घेतली. तेव्हा ताई १३ वर्षांची. पत्रं पिकतील तेव्हा ती साडेअठरा वर्षांची असेल, हा त्यातला हिशेब. पण १९९३ मध्ये बारावी झालेल्या ताईने मिरजेला नर्सिंगला जायचं म्हणून सांगितलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथल्या पांढऱ्या पोशाखातल्या मुली ती लहानपणापासून बघत आली होती. त्या पाडव्याला वही उघडली तेव्हा घरात कुणी बोलेना.

"अण्णा, लग्नाचे पैसे मोडले तर लग्नाला काय?" ताईनेच विचारलं.

"लग्न तुझं, शिक्षण बी तुझंच की," अण्णा म्हणाले. "पेव तुझ्या नावाचं आहे. आत काय भरायचं ते मी ठरवलं होतं, तू लहान होतीस म्हणून."

'लग्न' या शब्दावर रेघ आली. खाली 'शिक्षण'. त्या दहा हजारांनी ताई नर्स झाली. पुढे सहा वर्षांनी तिचं लग्न झालं ते रजिस्टर पद्धतीने, आणि त्याचा बराचसा खर्च तिने स्वतःच्या पगारातून केला.

आईचं पेव वहीत नव्हतं. इंदिरा विकास पत्र नावाचा एक प्रकार १९८६ मध्ये निघाला होता. पाच वर्षांत दुप्पट व्हायचं. आणि त्यावर धारकाचं नावच नसायचं. नोटेसारखा कागद, हरवला तर गेला. आईने घरखर्चातून वाचवलेल्या पैशांची ती पत्रं घेऊन तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली होती. अण्णांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी विचारलं नाही. पत्रं पिकली तेव्हा आई एकटीच सराफकट्ट्यावर गेली आणि हातात पाटल्या घालून आली. घराची जागा घेताना तिने स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. या नव्या पूर्वीपेक्षा पातळ होत्या. गुंतवणुकीचे फॉर्म भरताना उद्दिष्टांची यादी समोर येते : घर, गाडी, मुलांचं शिक्षण, निवृत्ती, पर्यटन. गेलेलं परत आणणं हेही एखाद्या बाईचं उद्दिष्ट असू शकतं, त्याला त्या यादीत रकाना नाही.

मी आता पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. रुपयाला नाव नसतं, कुठलाही रुपया कुठल्याही रुपयाच्या जागी चालतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि माणसं मात्र प्रत्येक रुपयाला नाव देतात, मनातल्या मनात वेगवेगळी खाती उघडतात, हे रिचर्ड थेलर यांनी मांडलं. त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा मी वर्गात आईच्या तांदळाच्या डब्याबद्दल बोलले होते. काही शिक्षक ही सवय चूक म्हणून शिकवतात. मला ती चूक वाटत नाही. नाव दिल्याशिवाय आमच्यासारख्या घरांत पैसा टिकलाच नसता. अडचण फक्त एवढीच, की नाव देणारं माणूस बदलतं आणि पैशाला ते कळत नाही. तो जुन्याच नावाने अंधारात वाढत राहतो.

अण्णांच्या तिसऱ्या पेवाचं तसंच झालं. दिवाणजीला पेन्शन कुठली! १९८६-८७ मध्ये त्यांनी पीपीएफ उघडलं तेव्हा व्याज १२ टक्के होतं. वहीच्या समासात त्यांनी लिहिलं होतं : ७२ भागिले १२, सहा वर्षांत दुप्पट. म्हातारपणी लाखामागे महिना हजार रुपये, या हिशेबावर ते पंधरा वर्षं निर्धास्त होते. खातं २००२ च्या एप्रिलमध्ये पिकलं. पण तोवर दर खाली घसरत आले होते. २००० च्या जानेवारीत ११, मग साडेनऊ, मग ९, आणि पुढे २००३ मध्ये ८. लाखामागे हजाराचे सहाशे सहासष्ट झाले. अण्णा त्या पाडव्याला वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी रक्कम नाही बदलली; आयुष्य बदललं. दुकानातून निवृत्त व्हायच्या सालावर रेघ मारून खाली एक वर्ष पुढचं लिहिलं, आणि २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना ९ टक्क्यांनी सुरू झाली तेव्हा पहिल्याच महिन्यात पोस्टात जाऊन उभे राहिले. त्यांच्याच वयाचे कितीतरी लोक तेव्हा बँकांच्या दारात 'पूर्वी किती मिळायचं' हेच बोलत होते. अण्णांनाही ते दुःख होतंच. पण त्यांनी कंदील खाली सोडून पाहिला होता, आणि तो विझताना पाहून ते उतरले नाहीत.

२००५ च्या पुरात कृष्णा गावभागात आमच्या घरात शिरली. सांगलीत पावसाळ्यात कुणी 'कसं काय' विचारत नाही, 'किती फूट' विचारतात. आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४५ फुटांना धोका सुरू होतो. तेव्हा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. वही माळ्यावर होती म्हणून वाचली, कडा तेवढ्या ओल्या झाल्या. हरिपूरची पेवं मात्र पाण्याखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या किडीपासून, उंदरांपासून, चोरांपासून जपलेली हळद आत भिजून गेली. पाणी ओसरल्यावर अण्णा तिथे जाऊन आले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "नदी इथवर येईल असं धरून कुणी खणलंच नव्हतं." त्यानंतर हळद शीतगृहांत आणि गोदामांत जाऊ लागली. पेवांचे दिवस संपले. त्या पुरात मला तिसरा महिना लागला होता.

मुलगा झाला २००६ मध्ये. आमच्याकडे तेव्हा उत्साहाला सीमा नव्हती. तो वर्षाचा व्हायच्या आत एक एजंट घरी येऊन मुलाच्या उच्च शिक्षणाची पॉलिसी देऊन गेला. अठराव्या वर्षी रक्कम हातात. मी पीपीएफ उघडलं, एक एसआयपी सुरू केली, आणि अण्णांसारखीच लाल वही आणून तिच्यात लिहिलं : 'पेव पहिले : इंजिनिअरिंग, २०२४.' ज्या बाळाला अजून दात आले नव्हते त्याच्या नावावर मी एक शाखा आणि एक साल लिहून मोकळी झाले होते.

तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी स्वमग्नता हा शब्द उच्चारला. त्याच्या हाकेला न वळण्याला, पंख्याकडे तासन्‌तास बघण्याला, एकाच शब्दावर घुटमळण्याला नाव मिळालं. त्या वर्षीच्या पाडव्याला मी वही काढली नाही. पुढच्या वर्षीही नाही. एसआयपीचे पैसे दर महिन्याला खात्यातून जात होते, पॉलिसीचा हप्ता जात होता, आणि कपाटात एका पानावर 'इंजिनिअरिंग' हा शब्द तसाच पडून होता. मला त्या पानाची भीती वाटायची. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दोन वर्षांत मी केलेली ती एकच चूक मला खरोखर महाग पडली. थेरपीसाठी दर महिन्याला पैसे हवे होते ते आम्ही कर्ज काढून भरत होतो, आणि कुठल्याशा न येणाऱ्या वर्षासाठी तेवढेच पैसे निष्ठेने साठवत होतो.

वही उघडायला लावली ती अण्णांनी. ते सांगलीहून स्वतःची वही घेऊन आले. चौथ्या पेवावर, काशीवर, त्यांनी रेघ मारून आणली होती. खाली लिहिलं होतं : 'नातू.'

मी ते पैसे घेतले नाहीत. त्या दुपारी आम्ही दोघं खूप भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा. "पेव माझं आहे, तोंड मी उघडणार," असं ते म्हणत राहिले. पण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही ठाम वाटतं, की म्हाताऱ्या माणसांनी स्वतःची शेवटची पुंजी लेकरांसाठी उपसू नये. मी त्यांना तेच सांगितलं : तुम्ही दोघं धडधाकट, निवांत राहिलात तर माझी एक काळजी कमी होईल, आणि मला सध्या तीच हवी आहे. आई मध्ये पडली. "जाऊ या की काशीला," ती म्हणाली, "आणि तू तुझी वही काढ." ही अदलाबदल झाली. पुढच्या हिवाळ्यात दोघं वाराणसीला जाऊन आले. अण्णांनी रेघेच्या खाली तिसरी ओळ लिहिली, 'काशी झाली', आणि तारीख.

मी 'इंजिनिअरिंग'वर रेघ मारली. खाली काय लिहायचं ते मला सुचेना. शेवटी लिहिलं : 'आमच्यानंतर.'

हा शब्द लिहिल्यावर सगळं गणितच फिरलं. अर्थशास्त्राच्या शिक्षिकेला ते समजायला वेळ लागू नये, पण लागला. इतर आईबापांचं उद्दिष्ट अठरा वर्षांनी संपतं, माझ्या उद्दिष्टाला शेवटची तारीखच नव्हती. आज त्याच्या जेवणखाणाला, औषधांना, सोबतीला महिना २५,००० रुपये लागतात असं धरलं आणि महागाई सहा टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. छत्तीस वर्षांत आठपट, म्हणजे दोन लाख. तेव्हा मी ८३ वर्षांची असेन, असलेच तर; तो ५५ चा असेल. शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के शेअर बाजारात ठेवा, असा एक सोपा आडाखा सगळे सांगतात. त्या हिशेबाने वाढत्या वयाबरोबर मी बाजारातून पाय मागे घ्यायला हवा. पण वय कुणाचं धरायचं? हा पैसा माझ्या वयाचा नाही, त्याच्या वयाचा आहे. म्हणून मी दोन पेवं वेगळी केली. माझ्या आणि नवऱ्याच्या म्हातारपणाचं सावध, ठेवींचं आणि पीपीएफचं. त्याचं लांब पल्ल्याचं, बरंचसं इंडेक्स फंडात. आणि थेरपीचं तिसरं, साधं बँकेतलं, कधीही हात घालता येईल असं. पॉलिसी मोडायला गेले तेव्हा सरेंडर व्हॅल्यू ऐकून डोळ्यांत पाणी आलं. ती मोडली नाही. पुढचे हप्ते थांबवून पेड-अप करून ठेवली.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. शाळा-कॉलेजं बंद, थेरपी बंद, लेक दिवसभर दाराला कडी का लावली म्हणून रडत असे. नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला होता. त्या रात्री मी मोबाइल उघडला नाही, वही उघडली. त्याच्या पेवापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : '२०४० च्या आधी नाही.' थेरपीच्या पेवात आठ महिन्यांचे पैसे होते. झोप लागली.

तो अठराचा झाला त्या वर्षी आणखी एक गोष्ट कळली, जी आमच्यासारख्या कित्येक घरांना उशिरा कळते. मूल सज्ञान झालं की कायद्याने आईबाप त्याचे पालक उरत नाहीत. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून आम्हाला त्याचे पालक म्हणून नेमून घ्यावं लागलं. मग पुन्हा सगळे कागद काढले. नॉमिनी म्हणजे सहसा मालक नाही, पैसा स्वीकारणारा हात फक्त. आणि ज्याच्या हातात पैसा ठेवायचा त्याला तो सांभाळता येणार नसेल तर नुसतं त्याचं नाव घालून भागत नाही. म्हणून मृत्युपत्र केलं, त्यातून एक खासगी ट्रस्ट उभा राहील अशी तजवीज केली. विश्वस्त म्हणून माझी भाची, ताईची लेक, तयार झाली. तिला विचारायला मिरजेला गेले तेव्हा ती चहा ठेवत होती. मागे न वळता म्हणाली, "मावशी, यात विचारायचं काय?" ताईच्या नर्सिंगची फी ज्या पत्रांतून गेली, त्यांचं व्याज अजून चालू आहे असं मला तेव्हा वाटलं.

पेड-अप पॉलिसीची छोटी रक्कम त्याच वर्षी जमा झाली. पत्रावर छापलं होतं, उच्च शिक्षणासाठी. सोसायटीतली त्याच्याबरोबरीची मुलं इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांत गुंतली होती. मी तो दिवस फार चांगला घालवला असं म्हणणार नाही. संध्याकाळी नवरा म्हणाला, "शिक्षणच आहे हे, त्याचं." त्या पैशांतून आम्ही त्याला एका कार्यशाळेत घातलं. तिथे अशीच मुलं पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटं भरतात. वजनकाट्यावर ५० ग्रॅमचा आकडा बरोबर आला की माझा लेक दोन्ही हात कानांवर ठेवून हसतो. घरी येतो तेव्हा त्याच्या बोटांना आंबेहळदीचा वास असतो.

अण्णा आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे, कडेला पुराचा डाग असलेली. गेल्या पाडव्याला मी दोन्ही वह्या पाटावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि रीतीप्रमाणे पान मोठ्याने वाचायला घेतलं. आईने, आता ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीत बसून ऐकलं. ट्रस्ट, २०४०, भाचीचं नाव, आमचं म्हातारपण, सगळं वाचून झालं. मग लेकाने खिशातून पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. कार्यशाळेचं विद्यावेतन, पहिलंच. तीनशे रुपये.

जमेकडे लिहिलं. मग थांबले. एकोणीस वर्षं त्याच्या नावाने पेवं खणली गेली होती. कुणी ना कुणी त्याच्यासाठी ठरवलं होतं, आजोबांनी, एजंटने, मी. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी कोऱ्या पानावर त्याचं नाव लिहिलं, पेन हातात धरून विचारलं, "कशासाठी?"

तो पंख्याकडे बघत राहिला. आम्ही वाट पाहिली. आईने मला खुणेने सांगितलं, घाई करू नको.

"गाडी," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "सांगली." आणि मग, "खिडकी."

कोयना एक्सप्रेसने आम्ही सांगलीला जायचो तेव्हा खिडकीशी बसायला मिळालं की तो सगळी वाट गप्प, शांत असायचा. मी तिन्ही शब्द ओळीने लिहिले. पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि सवयीने विचारलं, "कधी?"

या वेळी त्याला विचार करावा लागला नाही.

"उद्या."

मी लिहिलं : उद्या.